बाबा अनफिट झाले नाहीत

आमच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत शेंबड्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते. खाणीत नोकरी दोन वाटांनी मिळते. ज्याची जमीन खाणीत गेली त्याला, नाहीतर ज्याचा बाप गेला त्याला. बाप अगदी मेलाच पाहिजे असंही नाही. डॉक्टरांच्या मंडळानं त्याला कायमचा अनफिट ठरवला तरी घरातलं एक माणूस त्याच्या जागेवर लागू शकतं, फक्त बापाची सर्विस शिल्लक हवी. सोयरीक जुळवताना पाहुणे विचारतात, पोरगा कसा लागला? उत्तर येतं, बापाच्या जागेवर. मग चहा येतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही आणि मलाही कधी वाटलं नव्हतं.

मी आईबाबांची एकुलती एक. एम. ए. केलं, बी. एड. केलं, आणि शिक्षक भरतीची वाट पाहत एका खासगी शाळेत शिकवायला लागले. तिथला पगार कुणी विचारला की मी विषय बदलते. बाबा खाणीत डंपर चालवतात. आई वडशाकडची, धानाच्या मुलखातली. लग्न होऊन या काळ्या धुळीत आली आणि तेव्हापासून रोज दोनदा ओटा पुसते आहे.

बाबांचा खोकला दिवाळीनंतर सुरू झाला. चंद्रपुरात खोकल्याला कोण विचारतो? आमच्याकडे तर न खोकणाऱ्या माणसाची चौकशी करावी. पुढं त्यांचं वजन उतरलं, शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. डंपरच्या शिडीवर मध्येच थांबून ते दम घ्यायला लागले. एक डोळा लाल झाला, त्यांनी मेडिकलमधून थेंब आणले. नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी आल्या, आईनं निरगुडीच्या पाल्यानं शेकल्या. डोळा वेगळा, पाय वेगळा, छाती वेगळी, असं धरून आम्ही तीन आजारांचे तीन इलाज करत राहिलो. हे तिन्ही मिळून एकच काहीतरी असू शकतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एक्सरेत छातीवर डाग दिसले. आमच्या भागात छातीवर डाग म्हणजे आधी टीबीच. थुंकी तपासली, त्यात काही सापडलं नाही. तरी गोळ्या सुरू झाल्या. बाबांची लघवी नारिंगी झाली आणि आजार होता तिथंच राहिला. शेवटी चंद्रपुरातल्या छातीच्या डॉक्टरांनी सिटी स्कॅन करायला लावला.

त्या दिवशी बाबा बाहेर चहा प्यायला गेले होते. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. पडद्यावर बाबांची छाती उजेडात ठेवली होती. "दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी गाठी सुजल्या आहेत," ते म्हणाले, "आणि आत लहानमोठे गोळे आहेत. कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. नाही असंही म्हणत नाही. दुसराही एक आजार अगदी असाच दिसतो." त्या दुसऱ्या आजाराचं लांबलचक नाव त्यांनी घेतलं. "गाठीचा नमुना काढून तपासल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. नागपूरला जा."

दुसरं नाव मी ऐकलंच नाही. माझ्या कानात पहिलंच बसलं होतं.

बाहेर आले. बाबा टपरीवर कप धरून उभे होते. मी म्हटलं, अजून तपासण्या आहेत. ते बरं म्हणाले. बाबा जाणार, हे एकच डोक्यात घुमत होतं. हे खरं आहे. पण जटपुरा गेटकडे जाणारा ऑटो यायच्या आत त्याच डोक्यात दुसरा विचार येऊन बसला, तेही तितकंच खरं आहे. बाबांची सर्विस अजून शिल्लक आहे.

मी तो विचार झटकला नाही. त्याला सरकून जागा दिली.

गेटाजवळ एक फोटो स्टुडिओ आहे. मी म्हटलं, बाबा, आलोच आहोत तर मी पासपोर्ट फोटो काढून घेते. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिक्षक भरतीसाठी. बाबा बाकावर बसले, फोटोवाल्याला म्हणाले, "चांगला काढा बरं भाऊ, पोट्टी मॅडम हाये." मग मला दटावलं, "हसू नको. सरकारी कामाले हसलेला फोटो चालत नाई." मी हसत होते, हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं.

त्यानंतर मी पहाटे कॉलनीच्या मैदानावर पळायला जाऊ लागले. खाणीत लागायचं तर फिटनेस पाहतात, आता बायकांनाही डंपर देतात, हे मला माहीत होतं आणि मैदानात फिरणाऱ्या बायकांनाही. कुणी काही विचारलं नाही. उलट एकीनं मायेनं सांगितलं, दूध घेत जा बाई, रक्त कमी निघालं तर लटकवून ठेवतात. घरी मात्र कॅन्सर हा शब्द निघत नव्हता. आई कॅन्सरला 'मोठा आजार' म्हणायची, आणि तेही बाबा आंघोळीला गेल्यावर. बाबांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. माणसाला सांगितलं की माणूस खचतो, म्हणून घरच्यांनीच गिळायचं, ही आमची रीत. मी पळून आले की बाबा खोकत खोकत दार उघडायचे आणि म्हणायचे, "बरं करून राह्यली. तब्येत पाहिजे." मी त्यांच्याकडे पाठ करून दूध प्यायची. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जायची.

नागपूरला आधी पेट स्कॅन झाला. त्यात बाबांची छाती ठिकठिकाणी पेटलेली दिसली. फोनवर वाचून वाचून मी अर्धी डॉक्टर झाले होते. पेटलं म्हणजे कॅन्सर, असा निकाल मी स्वतःच लावून टाकला. मग घशातून नळी घालून, सुईनं गाठीचा नमुना काढला. रिपोर्टला वेळ होता.

नेमकी तेव्हाच मामाच्या गावाला मंडई होती. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव मंडया भरतात, दिवसा बाजार आणि रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांची नुसती रेटारेटी. बाबा नाटकाचे शौकीन. म्हणाले, रिपोर्ट येईल तेव्हा येईल, नाटक थोडीच थांबून राहणार आहे.

तिथं बाबांचं स्वागत पाहून मला कुठं तोंड लपवू असं झालं. जो येईल तो त्यांच्या पाया पडत होता. एरवी जावयाची चेष्टा करणारी माणसं त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होती. त्यांच्यासाठी शाळेतून हाताची खुर्ची आणली होती. मामीनं लाखोरीच्या डाळीचे वडे तळले आणि पुढ्यात बसून आग्रह केला. सगळ्यांना माहीत होतं, एका बाबांना सोडून. बाबा वडे खाऊन म्हणाले, "काऊन बा, यंदा जवाई भल्लाच मोठा झाला वाटते!" कुणी हसलं नाही.

दुपारी तणसाच्या ढिगापाशी मामानं मला बाजूला घेतलं. मामा वाईट माणूस नाही. माझ्या शाळेच्या फिया त्यानं धान विकून भरल्यात. डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊजीचं जे व्हायचं ते होईल, आपल्या हातात का हाये? पन तू टेन्शन घेऊ नको. तुह्यं तरी लागून जाईल."

मी मान हलवली. "हो मामा," असंही म्हणाले.

आई मागं कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिच्या हातात पाण्यानं भरलेला पितळी गुंड होता. तो खाली ठेवून ती भावाला म्हणाली, "जित्या माणसाची वाटणी करतं का रे? माह्या कुंकवाची?" मामा खाली पाहायला लागला. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परतीच्या गाडीतही ती माझ्याशी बोलली नाही. एका शब्दानं रागावली असती तर मी उलट काही बोलले असते, भांडले असते, आणि ते सोपं गेलं असतं. मला भांडण जमतं. असं गप्प बसलेलं जमत नाही.

रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघंही गेलो. नागपूरच्या डॉक्टरबाई वयानं माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी कागद खाली ठेवला आणि सरळ बाबांकडे पाहून सांगितलं, "काका, कॅन्सर नाही."

बाबांनी त्या दिवशी तो शब्द आपल्यासाठी पहिल्यांदा ऐकला असेल, असं मला तेव्हा वाटलं. आईनं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. आणि मी? मी खुर्चीत पुढं सरकले आणि विचारलं, "नक्की का मॅडम?"

त्यांना वाटलं, काळजी करणारी मुलगी आहे. त्या बापड्या समजावून सांगायला लागल्या. या आजाराचं नाव सारकॉइडोसिस. शरीराच्या संरक्षक पेशी उगाचच एका जागी गोळा होतात आणि गाठी बांधतात. नमुन्यात तशाच गाठी दिसल्या. टीबीच्या गाठी आतून सडतात, या सडलेल्या नाहीत, आणि टीबीचा जंतूही मिळाला नाही. कॅन्सरच्या पेशी कुठंच नाहीत. गाठी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत. फुप्फुसाचा कॅन्सर बहुतेकदा एका बाजूनं सुरू होतो. आणि डोळा लाल झाला होता, नडगीवर गाठी आल्या होत्या, हे आधी सांगायला हवं होतं, तो याचाच भाग आहे.

मी म्हटलं, "पण पेट स्कॅनमध्ये तर सगळं चमकलं होतं."

"चमकतं. सूज असली तरी चमकतं. त्या स्कॅनला या दोघांतला फरक कळत नाही, म्हणून तर नमुना काढला."

मी म्हटलं, "मग धुळीचं असेल. खाणीत आहेत ते इतकी वर्षं."

हे मी का विचारलं, ते कॉलनीतल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. धुळीनं फुप्फुस गेलं तरी माणूस अनफिट होतो. बाई म्हणाल्या, तेही पाहिलं, तसं दिसत नाही. मग त्यांनी एक सावधगिरीची गोष्ट सांगितली. कधी कधी कॅन्सरच्या आसपासच्या गाठींनाही अशीच सूज येते, म्हणून एकदा निदान झालं की मोकळे झालो असं करत नाहीत. औषध चालू ठेवून पुन्हा पुन्हा स्कॅन काढून पाहतात. यांच्यात तशी शंका वाटत नाही, पण पाहत राहू.

ते ऐकून माझे कान टवकारले गेले. मी ते लपवून लिहिणार नाही. माझ्या बापाच्या छातीत अजूनही कॅन्सर सापडू शकतो, हे ऐकून मी सावरून बसले.

शेवटचा प्रश्न मी विचारला, "ड्यूटी करू शकतील का?"

"का नाही? गोळ्यांनी दम कमी झाला की जाऊ द्या. बहुतेक माणसं नेहमीसारखं जगतात."

निकालावर फेरतपासणी मागणाऱ्या विद्यार्थ्यासारखी मी तिथं बसले होते, आणि पेपर होता बापाचा जीव. बाबा पास झाले म्हणून मी हुज्जत घालत होते. बाबा डॉक्टरबाईंकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि बाबांना राक्षसासारखी भूक लागायला लागली. भाकरी थापता थापता आईचे हात दुखायचे आणि ती आनंदानं कुरकुर करायची. बाबांचे गाल फुगले, तोंड गोल झालं. खोकला गेला. कॉलनीतले लोक म्हणायचे, भाऊ, कोणत्या चक्कीचं पीठ खाऊन राह्यले? पौर्णिमेला आईनं विहारात खीरदान केलं. वाढायला मी होते. शेजारच्या काकूंनी खिरीची वाटी घेतली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लय चांगलं झालं माय, बाप वाचला. पन तुह्यं राहूनच गेलं." कळवळ्यानं बोलल्या हो त्या. मी त्यांच्या वाटीत अजून एक पळी खीर घातली.

मी पळायला जाणं बंद केलं. फोटो मात्र बाबांनाच सापडले. मीटरच्या बिलांच्या पिशवीत मी ते खुपसून ठेवले होते. त्यांनी ते पाहिले, म्हणाले, "भरतीचा फॉर्म निघाला का?" मी नाही म्हटलं. त्यांनी ते पुन्हा पिशवीत ठेवले, नीट, कोपरे न दुमडता.

मग मी बाबांची सेवा सुरू केली. गोळी वेळेवर, पाणी कोमट, मीठ कमी, साखर कमी, बूट पुसलेले. शाळेतून फोन करून विचारायची, जेवलात का? बाबा वैतागले. आई एक दिवस भांडी घासता घासता म्हणाली, "येवढी काऊन करून राह्यली वो? काई चोरलं का तू?" तिला सगळं माहीत होतं. ती तणसाच्या ढिगापाशी उभी होती. मी भांडी विसळायला घेतली आणि तिनं मला ती विसळू दिली. त्या दिवसापासून ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली, पण मला ते आवडूनही खुपत राहिलं. आईनं माफ केलं म्हणजे बाबांनी केलं असं होत नाही, आणि बाबांकडे माफी मागायची तर आधी काय केलं ते सांगावं लागतं. काय सांगणार? बाबा, तुम्ही मरणार होता तेव्हा मी दूध पीत होते?

खाणीच्या डॉक्टरांनी बाबांना फिट लिहून दिलं. ते दुसऱ्या पाळीला रुजू झाले.

परवाचीच गोष्ट. दुपारी ते डबा विसरून गेले. मी तो घेऊन ड्यूटीच्या बसच्या थांब्यावर गेले. बाबा एकटेच कठड्यावर बसले होते. मी डबा दिला आणि वळले, तर म्हणाले, "बस."

मी बसले. त्यांनी डबा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "त्या दिवशी डॉक्टरबाई कॅन्सर नाई म्हनली, तवा तुह्यं तोंड उतरलं होतं."

मी म्हटलं, "नाई बाबा. तसं काही नव्हतं."

"लपवू नको. मी तुह्याकडेच पाहून राह्यलो होतो." ते रागावले नव्हते. "मले पयलेच मालूम होतं. थे खुर्ची आनली न मामानं, तवाच समजलो. येवढा मान जित्या माणसाले कोन देते?"

"बाबा, मी..."

"आयक तं. मी सगळं जमवून ठेवलं होतं डोक्यात. तुह्यं लागून जाते. क्वार्टर सुटत नाई, तुह्या आईले कुठी जा लागत नाई. म्हनून मी गुमान होतो. म्हनलं, होऊन जाऊ दे, चांगलंच हाये." ते डब्याच्या झाकणाची कडी उघडत आणि लावत होते. "मंग थे बाई म्हनली, काका, तुमाले काई होत नाई. खरं सांगू? मलेबी वाईट वाटलं."

वळणावर बस दिसली.

बाबा उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुले देयाले माह्याजवळ तेवढंच होतं, बाई. थेबी जमलं नाई. माफ करजो."

आणि डबा काखेत धरून, मध्ये कुठंही न थांबता, ते बसच्या पायऱ्या चढून गेले.